न पुसलेली हनुवटी

हे विश्वंभरा, तुला साष्टांग नमस्कार. पिलाच्या चोचीत दाणा तू घालतोस, मुंगीच्या तोंडाशी कण तू ठेवतोस, गर्भातल्या जिवाला ओठ उघडण्याचेही कष्ट न देता नाळेतून तू भरवतोस. ज्या बोटांनी कमळाची पाकळी वळलीस त्याच बोटांनी तू शेंबूड घडवलास, लाळ घडवलीस, छातीतला कफ घडवलास. आणि घडवून झाल्यावर ‘शी’ म्हणून हात झटकले नाहीस. ते झटकणे आमचे. आम्ही तुला चंदन लावले, अत्तर लावले, आणि तुझ्या सृष्टीचा ओला, चिकट, आंबूस भाग पडद्यामागे लोटून दिला. देवा, त्या पडद्यामागे जन्म काढलेल्या एका बाईचे चरित्र आज सांगायचे आहे. सांगणाऱ्याच्या जिभेला बळ दे, आणि ऐकणाऱ्यांच्या नाकांना थोडा धीर दे.

त्यांना सारे घासबाई म्हणतात. ज्या मुलांची वाढ मागे राहिली, ज्यांचे स्नायू सांगितलेले ऐकत नाहीत, ज्यांच्या मानेला स्वतःच्याच डोक्याचा भार पेलत नाही, अशा मुलांच्या केंद्रात त्या काम करतात. चावायला शिकवणे, गिळायला शिकवणे, ओठांत चमचा धरायला शिकवणे, हा त्यांचा धंदा. वाचाळ माणसाला आपण हिणवतो, की याने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. जणू ते फुकटचे काम! घासबाईंच्या खोलीत या, म्हणजे कळेल. तिथे एक जीभ उचलून टाळ्याला लागावी म्हणून एक मूल महिनोन्‌महिने घाम गाळते, आणि लागली की साऱ्या खोलीत आनंदाला उधाण येते.

आता गंमत अशी, की किळस हा या बाईंचा जन्मजात स्वभाव. लहानपणी दुसऱ्याच्या पेल्यातले पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. भातात केस निघाला तर त्या दिवशी उपास. धाकट्या भावाचे नाक वाहू लागले की ही मुलगी पाट उचलून दुसऱ्या खोलीत जेवायला जाई. आई वैतागून म्हणे, “एवढी किळस असेल तर देवाघरीच जा बाई. तिथं कुणी जेवत नाही, कुणी शिंकत नाही.” पुढे लग्न झाले, मुलगी झाली. तिचे दुपटे बदलताना या नाकावर पदर बांधत, आणि दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा नवरा हातातला रंगाचा डबा नाचवत म्हणे, “टर्पेंटाइन देऊ का? त्यानं सगळं निघतं.”

अशा बाईंना शाळेत नोकरी मिळेना, म्हणून या केंद्रात बदली शिक्षिका म्हणून जावे लागले. पहिल्याच दुपारी एका मुलाने खोकून कुस्करलेला बटाटा त्यांच्या गालावर उडवला. मोरीकडे धावल्या, भडभडून ओकल्या, तोंड धुतले, आणि तिथेच ठरवले, की उद्यापासून यायचे नाही. परत येताना खोलीचे दार अर्धे उघडे होते. आत एक मदतनीस बाई त्याच मुलाला भरवत होती. तिने नाकातोंडाला रुमाल बांधला होता, मुलाची मान मागे वाकवली होती, आणि त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता, भिंतीकडे पाहत, घास वरून आत टाकत होती. जसा कुणी बोळात केर टाकावा आणि मागे वळूनही पाहू नये. मूल गुदमरत होते. रुमाल जागचा हलला नाही.

बटाट्याची किळस पोटातून आली होती. ही दुसरी किळस त्याहून खोल कुठूनशी आली, आणि ती ओकून टाकता येईना. कारण त्या रुमालाआड घासबाईंनी आपलेच नाक ओळखले होते.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. पुढे रीतसर शिक्षण घेतले, हात तयार झाला. पहिली किळस गेली असे कुणी समजू नये. ती कधीच गेली नाही. अजूनही एखाद्या दिवशी त्या मोरीत जाऊन येतात, चूळ भरतात आणि पुन्हा चमचा उचलतात. फक्त त्यांना एवढे समजले, की पोट ढवळते ते ढवळू द्यावे. मान मात्र फिरवू नये.

त्यांची रीत ठरलेली. मूल ताठ बसले पाहिजे, कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पाय लोंबकळते नाहीत, पाटावर टेकलेले. हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, खालच्या ओठाच्या पातळीवर यायचा. वरून कधीही नाही. मुलाने ओठ मिटेपर्यंत थांबायचे. गळ्याकडे पाहायचे, घोट उतरला की मगच दुसरा घास. आणि शेवटचा नियम, ज्यापायी आयाबायांची त्यांच्याशी भांडणे होत: जेवण संपेपर्यंत तोंड पुसायचे नाही. लाळ ओघळो, बटाटा हनुवटीवर वाळो, नाकाच्या शेंड्याला भोपळा लागो, फडके मांडीवरून उचलायचे नाही.

“अहो, पण किती घाण दिसतं ते!”

“दिसू दे. दर घासाला कुणी फडकं घेऊन तुमच्या तोंडाला झोंबलं, तर तुम्ही तोंड उघडाल का? जीभ बाहेर येऊन ओठ चाटायला शिकते ती त्या लागलेल्या बटाट्यामुळेच. फडकं नाही तिला शिकवत.”

केंद्र पाहायला पाहुणे येत. एकदा एक बाई आल्या, हातात खाऊचा पुडा, अंगावर अत्तराचा दर्प. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “बिचारी! देवाची फुलं आहेत हो ही!” तेवढ्यात एका फुलाने शिंक दिली, आणि बाईंचा हातरुमाल विजेच्या वेगाने नाकाशी गेला. पुडा खुर्चीवर ठेवून, फुलांकडे पाठ करून, त्या फोटो काढायला बागेत गेल्या. तिथली फुले शिंकत नव्हती. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच. ज्याला शेंबडासकट लेकरू नको, त्याने लेकराला देवाचे नाव देऊन देवाला तरी कशाला बाटवावे? त्या दिवशी घासबाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, “लाळेची किळस पाण्यानं जाते. या गोड बोलण्याची कशानं जाते रे?” रंगारी विचार करून म्हणाला, “त्याला खरवडावं लागतं.”

याच केंद्रात टिटवी आली. पाच वर्षांची पोर, अंग काटकीसारखे, मान डुगडुगती. आवाज तेवढा कर्कश आणि मोठा, म्हणून आजीनेच ठेवलेले हे नाव. वडिलांचे कपडे धुण्याचे दुकान, वरच्या मजल्यावर घर. घरात आईवडील, ही आजी आणि टिटवी, एवढीच माणसे. पोरीला दोनदा न्यूमोनियाने दवाखान्यात टाकावे लागले होते. मुलांच्या डॉक्टरांनी आईला आणि घासबाईंना समोर बसवून आडपडदा न ठेवता सांगितले, “अन्न पोटात कमी आणि फुफ्फुसात जास्त जातंय. तिसऱ्यांदा हे झालं, तर ही छाती सोसणार नाही. भरवण्यात काय चुकतंय ते शोधा.”

शोधायचे तरी काय? केंद्रात टिटवी एकदाही खोकत नसे. चोखंदळपणे का होईना, भोपळा गिळत असे. हनुवटी बरबटून घेई आणि जिभेने ती चाटण्याचा खटाटोप करी. मग घोळ होता तो घरी.

“घरी मी अगदी तुमच्यासारखंच करते बाई,” आई म्हणे. पण म्हणताना तिची नजर जमिनीवर खिळलेली असे. पोरीचा झगा मात्र रोज पांढराशुभ्र, गळ्याशी एक डाग नाही. घासबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती त्या झग्यामुळेच. खाणाऱ्या मुलाचा झगा इतका स्वच्छ राहतो कसा?

एका दुपारी, जेवणाची वेळ साधून, त्या टिटवीच्या घरी गेल्या. खालच्या दुकानात वाफेचा आणि साबणाचा वास कोंदला होता, हँगरला शर्ट ओळीने लटकत होते. वरचे घर म्हणजे आरसा. फरशीत तोंड पाहावे. टेबलावर कडक इस्त्रीचे पांढरे कापड. आजींनी जन्मभर परक्यांच्या कपड्यांवरचे डाग काढले होते, शाईचे, तेलाचे, रक्ताचे, गंजाचे. डाग दिसला की त्यांचे बोट आपोआप वळवळे.

“या बाई. हात धुऊन घ्या. टॉवेल उजवीकडचा घ्या हं, डावीकडचा आमचा. दोन घास खाल्ल्याशिवाय सोडायची नाही तुम्हाला.”

ताटे मांडली होती. वडील येऊन बसले. एक खुर्ची रिकामी.

“टिटवी कुठाय?”

“तिचं आत चाललंय. सूनबाई भरवतेय.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे आत,” आजी म्हणाल्या आणि भाजी वाढू लागल्या. वडिलांनी मान ताटात घातली.

तेवढ्यात आतून एक आवाज आला. घासबाईंना तो झोपेतही ओळखता आला असता. पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा, गळ्यातला ओला, घुसमटलेला आवाज. त्या उठल्या. आवाजामागे गेल्या. बाथरूमचे दार लोटलेले होते.

आत दिवा जळत होता. आई प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. पोर तिच्या मांडीवर आडवी, डोके हातावरून मागे लोंबलेले, डोळे दिव्याकडे. कमोडच्या मिटलेल्या झाकणावर बटाट्याची वाटी. शेजारी भरलेली बादली, त्यात मग. फिनेलचा उग्र वास आणि त्यात मिसळलेला गरम बटाट्याचा वास. आणि आईच्या हातातला चमचा वरून, उभा, त्या उघड्या गळ्यात रिता होत होता. एक थेंब बाहेर सांडत नव्हता. सांडणार कसा? जे ओठांतून ओघळायचे ते सारे सरळ छातीत उतरत होते.

“बाई... तुम्ही इथे...” आई धडपडली. “इथं बरं पडतं हो. काही झालंच तर एक मग पाणी ओतलं की झालं. तिकडे बसवलं की सासूबाईंना जेवण जात नाही.”

घासबाईंनी आधी पोर उचलली, ताठ केली, खांद्याशी धरली. टिटवी जोराने खोकली, आणि आत गेलेले बरेचसे त्यांच्या मानेवर, ब्लाउजवर बाहेर आले. गरम, आंबट. त्यांच्या डोळ्यांसमोरून मात्र ती वाटी हलेना. कमोडच्या झाकणावरची वाटी! माणसाच्या लेकराचे ताट तिथे, आणि वीस पावलांवर इस्त्रीचे कापड! शिवशिव! पुरणार कुठे ही स्वच्छता, आणि धुणार कशाने?

त्या तशाच पोरीला घेऊन बाहेर आल्या. टेबलापाशी पोचल्या, बोलायला तोंड उघडले, आणि शब्दांच्या आधी पोट आले. एका हाताने टिटवीला सावरत, दुसरा हात टेबलाला लावत, घासबाई त्या शुभ्र कापडावर भडभडून ओकल्या.

वडील खुर्चीसकट मागे सरकले. आई दारात थिजली. घासबाईंना धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

आणि आजी? आजी झटक्यात उठल्या. “अगंबाई! असू द्या, असू द्या. बसा आधी. अरे, पाणी आण की, बघतोस काय ठोंब्यासारखा?” त्यांनी ताटे उचलली, कापडाची चारही टोके जुळवून गाठोडे केले, टेबल पुसले, घासबाईंच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच्या पदराने त्यांचे तोंड टिपले. “माणूस म्हटलं की होतं एखादवेळी. लाज कसली त्यात?”

“आजी,” घासबाई कशाबशा म्हणाल्या, “माफ करा. तुम्हाला किळस आली असेल.”

“आली की! न यायला मी काय दगड आहे? पण म्हणून घरी आलेल्या माणसाला काय उचलून बाथरूममध्ये नेऊन...”

आजी थांबल्या.

वाक्य अर्धे राहिले आणि ते पुरे करायची कुणालाच गरज पडली नाही. आईने तोंडात पदर कोंबला. घासबाईंच्या मांडीवर टिटवी ताठ बसली होती, नाकातून एक बुडबुडा फुगत होता, मिटत होता.

पहिले उठले ते वडील. खाली दुकानात गेले, साबणाचे एक रिकामे लाकडी खोके घेऊन आले आणि चौथ्या खुर्चीपुढे ठेवले. “पाय टेकवायला हे चालेल का?”

“चालेल. पाठीला एक चादर घडी करून द्या. आणि वाटी नवी आणा. ती नको.”

“मला नाही बघवायचं, आधीच सांगून ठेवते,” आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज करडा होता, पण काठाला तो फाटला होता.

“मग नका बघू. मलासुद्धा नाही बघवत कधी कधी, आत्ता पाहिलंत ना तुम्ही? किळस येऊ द्या, आजी, तिला कोण अडवणार? पण ती आली म्हणून उठायचं असेल तर तुम्ही उठा. पोर नाही उठायची.”

“माझ्याच घरात मला उठवता?”

“तुम्हाला नाही. तुमच्या नातीला बसवते.”

आजींनी खुर्ची फिरवली. टेबलाकडे पाठ नाही, तोंडही नाही. अशी तिरकी, खिडकीकडे. आणि ताट मांडीवर घेतले.

घासबाईंनी चमचा वडिलांच्या हाती दिला. “समोरून. खालून. ओठापाशी थांबा. थांबा हो, गाडी सुटत नाहीये तुमची. ती ओठ मिटेल. मिटले? आता गळा बघा.” उभ्या जन्मात वडिलांनी आपल्या मुलीचा गळा इतक्या जवळून पाहिला नव्हता. घोट खाली उतरलेला दिसला तेव्हा कुठे त्यांनी चमचा पुन्हा वाटीत घातला.

दुसरा घास. तिसरा. बटाटा हनुवटीवर आला, तिथून गळ्याशी. पांढऱ्या झग्यावर पिवळा डाग उमटला. खिडकीकडे पाहणाऱ्या आजींना तो दिसला कसा कोण जाणे, पण त्यांचा हात फडक्याकडे गेला.

“आजी, आत्ता नाही.”

“अहो पण वाळतंय ते!”

“वाळू द्या.”

आणि मग टिटवीला शिंक आली. ती यायचीच. बटाट्याचा एक चिकट गोळा उडाला तो थेट आजींच्या ताटात, भाजीच्या मधोमध. “शी! शी शी शी!” आजी ताडकन उठल्या, ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटला. भांडे आपटले. आईने डोळे मिटून घेतले. आता या बाहेर येणार आणि पोरीला पुन्हा आत धाडणार, हे तिला ठाऊकच होते.

आजी बाहेर आल्या. हातात दुसरे ताट होते. त्या त्याच तिरक्या खुर्चीत बसल्या, नाकपुड्या फुगलेल्या, कपाळाला आठ्या, आणि जेवू लागल्या. मधेच, टिटवीकडे न पाहता, मुलाला म्हणाल्या, “हळू भरव मेल्या. तिला श्वास तर घेऊ दे.”

टिटवी त्या जेवणात एकदाही खोकली नाही. शेवटचा घास उतरल्यावर तिने आपला तो कर्कश आवाज लावला. घासबाईंनी कान देऊन ऐकला. कोरडा, स्वच्छ आवाज होता, त्यात पाण्याचा बुडबुडा नव्हता.

घरी आल्यावर रंगाऱ्याने नेहमीप्रमाणे विचारले, “आज कुणाची ओकारी?”

“आज माझीच.”

“वा! म्हणजे बढती मिळाली म्हणायची.” आणि त्याने पाणी तापत ठेवले.

थंडीचे दिवस आले आणि गेले. डॉक्टरांनी टिटवीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि नळी काढून नुसतीच मान डोलावली. टिटवी दोन्ही वेळा टेबलाशी जेवते. आजींची खुर्ची अजूनही तिरकीच आहे. कुणी असे समजू नये, की तिथे प्रेमाचा पूर आला आणि किळस वाहून गेली. किळस आहे. ती आपल्या जागी बसते, आणि पोर पोरीच्या जागी बसते.

विश्वंभरा, या घासबाईंचे हात चालते ठेव. त्यांच्या पोटाला बळ दे, आणि नाही दिलेस तरी त्यांना मोरीतून परत येण्याची वाट दाखव. त्यांच्या रंगाऱ्याच्या कुंचल्याला काम लाभो, त्याचे बोट सरळ रेघ ओढो, त्याच्या थट्टेला कधी खंड न पडो. त्यांच्या लेकीचा संसार भरला राहो, तिच्या घरी कुणालाही दाराआड जेवावे न लागो. त्या घराच्या नळाला पाणी असो, चुलीला ऊब असो, उंबऱ्याला पायरव असो. आणि म्हातारपणी जेव्हा घासबाईंचे स्वतःचे ओठ मिटेनासे होतील, तेव्हा त्यांना भरवणारा हात समोरून येवो, खालून येवो, आणि थांबो. कल्याण असो त्यांचे, कल्याण असो त्यांच्या साऱ्या घरादाराचे.